चाखलेलं पोटाला लागत नाही

हर्षालीचं वजन उतरत नव्हतं, आणि ते का उतरत नाही हे येरमाळ्यात कुणालाच सांगता येत नव्हतं. सुचवायला मात्र गाव मागं राहिलं नाही. कुणी म्हणालं हाडंच जड आहेत, कुणी म्हणालं अंगात वात धरलाय, आणि एका म्हातारीनं तर लग्न केलं की आपोआप उतरेल असं सांगून टाकलं. सल्ल्याला पैसे पडत नाहीत, म्हणून लोक तो सढळ हातानं देतात.

पॉवरलिफ्टिंगच्या जिल्हा स्पर्धेत तिला एकोणसत्तर किलोच्या गटात उतरायचं होतं. त्या गटात तिच्याइतकं वजन उचलणारी दुसरी मुलगी जिल्ह्यात नव्हती. पहिली आली की राज्याच्या स्पर्धेत जागा पक्की. पण काटा एकाहत्तरावर ठाण मांडून बसला होता. वरचा गट शहात्तरचा, आणि तिथल्या मुली तिच्यापेक्षा पुष्कळ भारी उचलायच्या. म्हणजे सगळं घोडं दोन किलोंवर अडलं होतं.

हायवेवरच्या टायरच्या दुकानावर राजपाल सरांची जिम होती. सरांचा हिशेब सरळ होता. हर्षालीचं वजन आणि व्यायाम पाहता तिच्या शरीराला दिवसाला साधारण तेवीसशे कॅलरी लागतात. एकोणीसशेच द्यायच्या, उरलेल्या चारशे शरीर आपल्याच चरबीतून काढून घेतं. हर्षाली प्रत्येक ताटाचा फोटो सरांना पाठवायची. दीड भाकरी, मटकीची उसळ, अंडी, ताक. तेल नावाला, मीठ बेतानं. दीड महिना झाला. ताटं बरोबर, हिशेब बरोबर, आणि काटा ढिम्म.

"शरीर हिशेबाबाहेर जात न्हाय," सर म्हणाले. "कायतरी सुटतंय."

"मी खोटं बोलते व्हय, सर?"

"तसं म्हणलो का मी?"

म्हणाले नव्हते, पण मनात तेच होतं, आणि ते तिला लागलं.

घरी वडिलांचं, बलभीमअण्णांचं, मत वेगळंच. अण्णा तरुणपणी तालमीत घुमलेले. त्यांच्या काळी जोर-बैठका मोजत नसत. घामानं जमीन ओली झाली की थांबायचं. एकदा ते मुद्दाम जिममध्ये जाऊन बसले. लेक पाच वेळा बार उचलते आणि मग तीन मिनिटं बाकावर बसून राहते, हे पाहून त्यांना राहवलं नाही.

"ह्यो व्यायाम हाय का एसटीची वाट बघणं?"

"काका, तुमचा व्यायाम दम वाढवायचा," राजपाल सर समजावत म्हणाले. "हिला एकदाच उचलायचंय, पण जेवढं जास्त जमंल तेवढं. दोन झटक्यांच्या मधी विसावा घेतला न्हाय, तर पुढचा झटका हलका पडतो."

अण्णांनी गंभीरपणे मान डोलावली. रस्त्यात मात्र लेकीला म्हणाले, "बसल्यानं ताकद वाढत असंल, तर आपल्या पारावर सगळे पैलवानच बसलेत म्हणायचे."

अण्णांची खव्याची भट्टी होती. पुढं पेढ्याचं दुकान, मागं कढया. भट्टीवर बिरू उलथणं फिरवायचा, पण घाणा, म्हणजे कढईत आटत आलेला खवा, उतरवायचा हुकूम अण्णांचा. त्यांच्या जिभेचं नाव पार धाराशिवपर्यंत होतं. घराण्याची रीत अशी, की घाणा घरच्या माणसानं चाखल्याशिवाय कढई खाली यायची नाही. नोकरानं चाखायचं नाही. आणि तोंडात घेतलेलं थुंकायचं तर मुळीच नाही, कारण भट्टी म्हणजे लक्ष्मी. गेली काही वर्षं अण्णा गरम खव्याची गोळी लेकीच्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "सांग." ती डोळे मिटून सांगायची, "अजून थोडं," नाहीतर "उतरवा." अण्णा आपल्याला हळूहळू भट्टीची मालकीण करताहेत, असं तिला वाटायचं आणि बरंही वाटायचं.

एका सकाळी राजपाल सर पेढे घ्यायच्या निमित्तानं भट्टीवर आले आणि स्टूल ओढून बसले. निमित्त कुणाला कळायचं राहिलं नाही. त्यांच्यासमोर दोन घाणे उतरले.

"हे काय खाल्लंस?"

"खाल्लं कुठं? चाखलं."

"याचा फोटो?"

हर्षालीला प्रश्नच कळेना. चाखल्याचा कुणी फोटो काढतं का? चाखलेलं पोटाला लागत नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. उपासाच्या दिवशीसुद्धा घाणा चाखला तर उपास मोडत नसे; मग तो जेवणात कसा धरायचा?

सरांनी पुढची गोळी बाहेर दुकानात नेऊन काट्यावर ठेवली; अण्णा मागं कढयांपाशीच होते. दहा ग्रॅम. दिवसाला दहाएक घाणे. शंभर ग्रॅम खवा, म्हणजे चारशे कॅलरी. ताटातून काढलेलं सगळं भट्टीवर परत पोटात जात होतं. हर्षालीला आधी हसू आलं, मग दीड महिन्याच्या उपाशीपणाचा राग आला, आणि सरांनी कान धरून माफी मागितली तेव्हा तोही गेला.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी गोळी पुढं केली. ती म्हणाली, "आता स्पर्धा होईस्तवर तुमीच चाखा, अण्णा."

अण्णांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी गोळी तोंडात टाकली, बराच वेळ घोळवली आणि म्हणाले, "उतरव, बिरू."

दुपारी ती दुकानात बसली होती. मागून करपल्याचा वास आला. धावत जाऊन बघते तर अण्णा त्याच कढईवर वाकून निवांत उभे, आणि बिरू मालकाच्या हुकुमाची वाट बघतोय. दारापर्यंत आलेला वास कढईवरच्या माणसाला येत नव्हता. हे काय गौडबंगाल आहे?

प्रश्न डोक्यात शिरला की हर्षालीला चैन पडत नसे. संध्याकाळी तिनं अण्णांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि समोर बसली. अण्णांनी फुर्रकन घोट घेतला.

"फक्कड झालाय."

दीड महिना ती याच माणसासमोर बसून अळणी उसळीला नाकं मुरडत होती, आणि त्यांनी एका शब्दानं सांगितलं नव्हतं की मला तर सगळंच अळणी आहे.

"अण्णा, कधीपासनं?"

अण्णांनी कप खाली ठेवला. "करोनाच्या तापापासनं. डॉक्टर म्हणले चव यील म्हागारी. आली न्हाय." मग घाईनं म्हणाले, "कुणाला बोलू नगंस. आपली भट्टी जिभंवर चालती."

ती बोलली नाही. राजपाल सरांना तेवढं सांगितलं, की मी चाखणं सोडू शकत नाही, माझं नाव शहात्तरच्या गटात घाला. तिथं खालून पहिली आले तरी चालंल. सरांनी कारण विचारलं. ती म्हणाली, घरची रीत आहे. सरांना ते गळी उतरेना. ते तडक अण्णांकडं गेले आणि खव्याचा सगळा हिशेब त्यांच्यापुढं मांडून म्हणाले, "काका, एवढी एक रीत महिनाभर बाजूला ठेवा. पोरगी हातचं सोडायलीय."

अण्णांना हा हिशेब नवीन होता. त्या रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी धाराशिवचे मिठाईवाले कृष्णराजशेठ माल न्यायला आले होते. घाणा होत आला. हर्षालीनं सवयीनं तळहात पुढं केला. अण्णांनी तो हळूच बाजूला केला.

"बिरू, तू चाख."

बिरूच्या हातातलं उलथणं थांबलं. "म्या, मालक?"

"व्हय, तूच." मग अण्णा शेठजींकडं वळले. "शेठ, मला चव लागत न्हाय. वास बी न्हाय. चार वर्सं झाली. तुमी माझ्या जिभंवर माल नेत न्हवता, ह्या पोरीच्या जिभंवर नेत व्हता."

शेठजी तोंडात पेढा धरून बसले होते. गिळावा की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

बिरूनं गोळी तोंडात घातली, डोळे मिटले, आणि भीत भीत म्हणाला, "मालक, बुडाला जरा लागलंय."

म्हणजे पहिलाच निकाल विरुद्ध, तोही गिऱ्हाइकासमोर. अण्णांनी क्षणभर कढईकडं पाहिलं. "मग काढ बाजूला. शेठला द्यायचा न्हाय. दुसरी चढव."

कृष्णराजशेठनी पेढा गिळला. "थांबतो मी," ते म्हणाले आणि चप्पल काढून बाजेवर नीट मांडी घालून बसले.

हर्षालीला रडू फुटलं. लपवायची तिची मुळीच इच्छा नव्हती. बापानं आयुष्यभराचं नाव चारचौघांत खाली ठेवलं होतं, दोन किलोंसाठी, आणि तेही तिच्या.

"रडतीस काय?" अण्णा म्हणाले. "जिमला जा. उशीर झाला, तर ती तीन-तीन मिनिटं बसणार कधी?"