राबाची व्याख्या समिती

सोनिवलीत आमच्या सोसायटीच्या कुंपणापलीकडे सगुणाबाईंची भातखाचरं आहेत. पूर्वी कुंपणाच्या अलीकडचीही त्यांचीच होती. दर उन्हाळ्यात त्या खाचराच्या एका कोपऱ्यात शेण, पाला, गवत थरावर थर रचतात आणि पेटवून देतात. भाजलेल्या जमिनीत भाताचं रोप जोमाने येतं. यंदा सेक्रेटरी भूपेश यांनी कचरा जाळण्याला लेखी हरकत घेतली. सगुणाबाईंनी कळवलं, हा कचरा नाही, राब आहे.

भूपेश नियमाने चालणारे. कचरा जाळायला बंदी होती, राबाबद्दल नियमावलीत अवाक्षर नव्हतं. म्हणून शब्दाचा अर्थ निश्चित करायला त्यांनी समिती नेमली. तोवर काडी लावायची नाही, असं ठरलं.

समितीतल्या निवृत्त शिक्षिका मायाताईंच्या मते शब्द 'राबणे'वरून आला. की राबणंच राबावरून आलं, यात दोन रविवार गेले. दुसरी सदस्य तेजल गुजराती घरातली, उल्हासनगरात वाढलेली. तिच्याकडे राब म्हणजे बाळंतिणीला देतात ती गूळ-पिठाची गरम पेज. ती तिने सगळ्यांना करूनही आणली. हिंदीत उसाच्या घट्ट काकवीलाही राब म्हणतात, असं तिसऱ्या बैठकीत निघालं. भूपेशनी इतिवृत्तात 'गोड, ज्वलनशील नाही' अशी नोंद केली. अहवालाची तारीख पडली पंधरा जून.

मग सगुणाबाईंना साक्षीला बोलावलं. शब्द कुठून आला ते त्यांना ठाऊक नव्हतं. सासऱ्यांनी राब भाज म्हटलं, त्यांनी भाजला, एवढंच.

"पन मिरगाआधी भाजला नाय तर रोप नाय, न रोप नाय तर भात नाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या कागदात ता पन लिवा. यंदा सगुणाबाय तांदूल इकत घेल."

भूपेशनी लिहिलं. वाचून दाखवताना मात्र अडखळले. तेव्हा मायाताईंनी मुद्दा काढला की वस्तू न पाहता अर्थ लावणं अशास्त्रीय आहे. प्रत्यक्ष पाहणीचा ठराव एकमताने झाला.

शनिवारी सकाळी समिती मास्क लावून बांधावर उभी राहिली. सगुणाबाईंनी वाऱ्याच्या उलट अंगाने काडी लावली, म्हणजे आग धावत नाही, सावकाश जमीन भाजत जाते. मध्येच वारा फिरला. त्यांनी भूपेशच्या हातात करंजाचा ओला डहाळा दिला आणि कडेची आग झोडपायला सांगितलं. ते पाऊण तास झोडपत होते. इतिवृत्तात 'समितीने पाहणी केली' एवढंच आहे.

अर्थ अनिर्णित राहिला. पुढच्या वर्षी पुन्हा पाहणी करावी लागेल, असं भूपेश खोकत म्हणाले.

"करा की," सगुणाबाई म्हणाल्या. "पन चैतातच या सायेब. वैशाखात वारा लय फिरतो."