मोहगावच्या पाहुण्यांना विचारलेला प्रश्न

पाहुण्यांचा चहा अर्धा झाला होता आणि मी मधेच विचारलं, "भाऊजी, तुमची सिकलसेलची तपासणी झाली काय?"

केसरबाईंचा आलूबोंडा हातातच राहिला. मोहगावहून त्या आपल्या मुलाला, गौतमला घेऊन माझ्या करुणाताईला पाहायला आल्या होत्या. तोवर सगळं इतकं छान चाललं होतं की बाबा दोनदा हसलेसुद्धा. आई आता मला डोळ्यांनी खाऊन राहिली होती.

पण मी काय करणार? दोन वर्षांआधी मी हजेरीला "यस मॅडम" म्हणायलाही घाबरायचे. यंदा नववीत शाळेनं मला वर्गाची आरोग्यदूत केलं आणि तेव्हापासून माझं तोंड बंदच होत नाही, असं आई म्हणते. प्रार्थनेच्या वेळी मी तीनशे पोरापोरींसमोर सिकलसेलवर बोलले आहे. वाहक म्हणजे स्वतः ठणठणीत, पण रक्तात दोष घेऊन फिरणारा माणूस. आईबाप दोघंही वाहक असले, तर प्रत्येक लेकराला आजार व्हायची शक्यता चारात एक. माझ्या मामा-मामीला हे माहीतच नव्हतं. त्यांचा कुणाल थंडी पडली की हातपाय आवळून रडतो.

आणि ताई वाहक आहे. गेल्या वर्षी आमच्या बुद्धविहारात सरकारी कॅम्प लागला, तेव्हा कळलं. आईनं तिचं कार्ड पेटीत तळाशी घातलं. "लग्न होतपर्यंत नाव काढू नका."

त्या दिवशी सकाळी माझी वेणी घालता घालता ताई म्हणाली होती, "फोटोत पोरगा बरा वाटून राहिला मले. पण तोही वाहक निघाला तर मी नाही म्हणीन. कुणालसारखं लेकराचं दुखणं नाही पाहवणार. आता हे विचारावं कसं?"

म्हणून मी विचारलं.

"ते तं आदिवासी लोकायचं असते न बाई," केसरबाई म्हणाल्या. "आमच्याकडे तपासणीची गाडी आली होती, सरळ गोंडांच्या मोहल्ल्यात गेली. पोस्टरवर फोटोही त्याइचाच. आमी काहून जावं?"

"मावशी, त्यांच्यापर्यंत कोणी पोचतच नव्हतं, म्हणून सरकारनं सुरुवात तिथून केली. आपल्या लोकांतही हा आजार खूप आहे. माझ्या मामेभावाला आहे, तो गोंड आहे काय?"

"पोट्टीले वकील करून राहिले काय तुमी?" केसरबाईंनी बाबांना विचारलं.

"परवापर्यंत मुकी होती," बाबा म्हणाले.

"लहान आहे, मनावर नका घेऊ," आई घाईनं म्हणाली.

तेव्हा ताई दारातून पुढे आली. "तिनं माझ्यासाठी विचारलं. मी वाहक आहे."

गौतमभाऊ नगर पंचायतीत पाण्याचे पंप सांभाळतात, बोलणं कमीच. ते एवढंच म्हणाले, "माझी झाली नाही. सोमवारी सौंसरच्या दवाखान्यात जातो."

पक्क्या रिपोर्टला आठ दिवस लागले. ते आठ दिवस आई माझ्याशी बोलली नाही, नुसत्या पोळ्या आपटल्या. ताई कपडे शिवायची आणि उसवायची. मलाही वाटायला लागलं, तोंड आवरायला पाहिजे होतं. पंपवाल्या माणसाला दुसरी पोरगी मिळायला किती वेळ लागतो?

नवव्या दिवशी माय-लेक परत आले. भाऊजींनी कागद बाबांना नाही, ताईच्या हातात दिला. मी तिच्या खांद्यावरून वाचला. नॉर्मल.

"म्हणजे?" आईनं आठ दिवसांत पहिल्यांदाच मला विचारलं.

"म्हणजे लेकरं फार तर ताईसारखी वाहक होतील. कुणालसारखा आजार कोणालाच नाही."

आईनं पदर तोंडाला लावला. "पुन्हा सांग," ती म्हणाली. मी पुन्हा सांगितलं.

मग केसरबाई हळूच म्हणाल्या, "याच्यासंगं माहीबी तपासणी केली. मी वाहक निघाली, बाई. पन्नाशी झाली, कोणी सांगितलंच नाही. यालेही लागलं असतं तं..." त्यांनी मला ओढून जवळ बसवलं आणि आपल्या बशीतला अर्धा आलूबोंडा मला दिला. मी खाल्ला. नाही कशाला म्हणू?

ताई अजून कागद धरूनच होती. आमच्याकडे लग्नाची तारीख मोठी माणसं ठरवतात, पोरी आतून ऐकतात. पण ताईनं सरळ केसरबाईंकडे पाहिलं.

"मंग तारीख कोणती धरायची, मावशी?"

बाबा तिसऱ्यांदा हसले.