खुंटीवरचा मळका रुमाल

मला फडकं म्हणालात तरी चालेल, मित्रांनो. हल्ली सगळे तेच म्हणतात. पण मी न्यायसभेच्या दारातला रुमाल आहे.

यहूदियातल्या एका डोंगराळ गावात जवसाच्या धाग्यांतून मी विणला गेलो. पहिल्या दिवशी म्हातारे न्यायाधीश म्हणाले, "वा! असाच पांढराशुभ्र हवा." माझं काम साधं होतं. कोणाला दगडमाराचा देहदंड झाला, की त्याला गावाबाहेर नेताना दवंडीवाला त्याचं आणि साक्षीदारांचं नाव ओरडत पुढे चालायचा. "त्याच्या बाजूने कोणाला काही ठाऊक असेल, तर या!" मी दिसेन एवढ्या अंतरावर, वळणावर, घोडेस्वार उभा असायचा. ऐनवेळी कोणी आलं, की द्वारपालाने मला हलवायचं आणि स्वाराने घोडा पिटाळून दंड थांबवायचा. केवढा शहाणा कायदा! अभिमानाने माझा ऊर भरून यायचा.

पण वर्षानुवर्षं तसा दंड कोणाला झालाच नाही. मी खुंटीवर पडून राहिलो. द्वारपाल हिल्किया मलाच घेऊन बाक पुसायचा, तेलाचे हातसुद्धा. त्याची बायको म्हणायची, "अहो, धुवायला टाका की तो."

"टाकू गं, कुठे पळून चाललाय?"

होता होता मी भिंतीच्या दगडासारखा मळकट पिवळा झालो.

आणि योएजेर कुंभारावर आळ आला. शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस; त्या दिवशी विस्तव पेटवला तर देहदंड. त्या दिवशी, आम्ही बजावूनही, त्याने भट्टी पेटवली, अशी साक्ष दोन शेजाऱ्यांनी दिली. मातीच्या खाणीवरून त्यांचं त्याच्याशी वाकडं होतं. न्यायाधीशांनी दोघांना वेगवेगळं बसवून खोदून खोदून विचारलं. पण पढवलेले पोपट ते, कुठेच अडखळले नाहीत.

योएजेरला नेलं. एवढ्यात त्याची बायको शफीरा धापा टाकत दारात आली. तिच्यामागे मत्तन, यरीहोचा खजूरवाला.

"हिल्कियाकाका, रुमाल हलवा! मेले खोटं बोललेत! या दादाला विचारा!"

मत्तन म्हणाला, "मी आत्ताच दवंडीत त्यांची नावं ऐकली. त्या शब्बाथाला दोघे यरीहोत माझ्या पंगतीला होते. शब्बाथाला लांब चालायलाही मनाई, मग एवढी वाट कोण चालतं? ते इथे असतीलच कसे?"

हिल्कियाने मला ओढून काढलं आणि दोन्ही हातांनी हलवलं. मी जीव तोडून फडफडलो. स्वार इकडेच बघत होता बिचारा! पण दगडी भिंतीपुढे माझा दगडी रंग. त्याला काहीच दिसेना. शेवटी शफीरा स्वतःच धावत सुटली. तिने स्वाराला गाठलं, त्याने घोडा पिटाळला. तो पोचला तेव्हा दगडांचा आवाज थांबला होता.

पुढे मत्तन आणि त्याच्या शेजाऱ्याने साक्ष दिली. खोटेपणा उघडा पडला. न्यायाधीश मान खाली घालून म्हणाले, "योएजेर जिवंत असता, तर हाच दंड या दोघांना देता आला असता. तो गेला. आता कायद्याने आमचे हात बांधलेत." दोघे घरी गेले. खाण आता त्यांचीच आहे.

हिल्कियाने रडत रडत मला झऱ्यावर धुतलं. पाणी भरायला आलेली शफीरा एवढंच म्हणाली, "आता कोणासाठी, काका?"

मित्रांनो, जीव वाचवणाऱ्या वस्तू वेळेवर धुवा, पुसा, जपा. सांगायचं म्हणून सांगतो. उपयोग होईल असं वाटत नाही. परवाच हिल्कियाने बाक पुसायला मला पुन्हा खुंटीवरून काढलं.