नंबर प्लेटवरचं लिंबू

गाडी मी चालवायला लागले तेव्हापासून माझे सासरे नारायणराव दर शनिवारी पुढच्या नंबर प्लेटचा स्क्रू सोडायचे, त्यात लिंबू-मिरचीची तार अडकवायचे आणि स्क्रू नुसता बोटांनी पिळायचे. आज कळंबच्या रस्त्यावर प्लेट खडखडत एका बाजूला लोंबकळली. गाडी थांबवून मी भडकलेच, "मामंजी, लिंबू गाडीला सांभाळतंय, का गाडी लिंबाला?"

मागच्या सीटवरून ते उतरले. डिकीतून स्क्रू ड्रायव्हर काढला, तार सोडवली, स्क्रू गच्च आवळला. लिंबू बाभळीखाली ठेवलं.

"परत नाही बांधायचं?" मी विचारलं.

"कशाला? चांगली चालवतेस की तू."

आणि पहिल्यांदाच ते पुढं, माझ्या शेजारी येऊन बसले.