घडीची खुर्ची

"आधी मिटवून दाखव, बाई," सुंदरबाई म्हणाली.

स्वप्नालीनं चाकाच्या खुर्चीची बैठक मधोमध धरून वर ओढली. दोन्ही बाजू जवळ आल्या, टक् असा आवाज झाला आणि खुर्ची भिंतीशी लावलेल्या पाटासारखी चपटी झाली. हरिबानं ती एका हातानं उचलून पाहिली आणि वडवणीच्या त्या ओसरीवर पहिल्यांदाच हसला.

"जीपात मावंल. एसटीतबी शिटाच्या मागं जाईल."

नवरा-बायको कधीपासून अशीच खुर्ची शोधत होते. सुंदरबाईचे पाय सकाळी तिचे असायचे आणि दुपारी कुणा परक्याचे. कधी आठवडाभर ती डोक्यावर हंडा घेऊन चालायची, तर कधी चुलीपासून उंबऱ्यापर्यंत जाणं होईना. बीडच्या डॉक्टरांनी शिरांचा आजार सांगितला. येईल, जाईल, कधी ते सांगता येणार नाही. एका शिबिरात तीनचाकी मिळत होती, पण ती ना जीपमध्ये मावे, ना देवळाच्या दारातून आत जाई. आणि पाय धड असले की बाजारात बाया म्हणायच्या, "परवा तर लोळत व्हती. सोंगं लई!"

सोंग म्हटल्याचं तिला फार वाटत नसे. जीव अडकला होता वीणेत.

गावच्या सप्ताहात दुपारचा पहारा ती लग्न होऊन आल्यापासून करत होती. सप्ताहभर वीणा भुईला टेकू द्यायची नाही. या गळ्यातून त्या गळ्यात, आणि मुखी नाम. गेल्या साली उभ्या उभ्या तिचे गुडघे गेले, आणि सप्ताह चालवणाऱ्या गहिनीनाथबाबांनी धावत येऊन वीणा भुईच्या जरा वर झेलली. यंदा अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, पहाऱ्याला माणसं पुरेनात, तरी तिचं नाव निघताच सगळे बाबांकडं बघू लागले. शेवटी बाबाच बोलले होते, "बसून धर, पोरी, देवाला चालतं. पण यंदा का टेकली, तर पुन्यांदा तुज्या गळ्यात कुणी घालायचं न्हाई."

"काय द्यावं हिचं?" हरिबानं विचारलं.

"काय नगं, काका. सासूबाईची हाय. पोळ्याच्या टायमाला गेल्या त्या." स्वप्नालीनं आवाज उतरवला. "एक सांगते. घडी घातली तरी ऱ्हात न्हाई ही. उठून बघावं तर उघडलेली, अन् तोंड दाराकडं."

"कडी झिजली असंल."

"असंल. सासूबाई, कौशल्याबाई नाव त्यांचं, म्हंजी कीर्तनाच्या येड्या. ही आणली ती त्यापायीच. रोज म्हणायच्या, सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला न्या गं मला. आमी म्हणायचो, उद्या नेऊ, परवा नेऊ." तिनं खुर्चीचा हात पदरानं पुसला. "ऱ्हाऊनच गेलं."

पहाऱ्याच्या दुपारी गाव ओस होतं. घराघराला कुलपं. वाऱ्यानं कुणाच्या तरी दाराची साखळी हलायची, तेवढाच आवाज. सभामंडपात सुंदरबाईनं वीणा गळ्यात घेतली. पाय चांगले होते. मागं उघडी खुर्ची, आणि तिच्याकडं बघवत नव्हतं; आत कुणी बसून वाट बघावी तशी ती दिसायची.

"मिटवून बांधा तिला," ती हरिबाला म्हणाली. "पाय बरे हायत आज."

"अगं पर त्याच्यासाठीच तर आणली."

"बांधा म्हणते ना."

हरिबानं खुर्ची मिटवली, खांबाशी उपरण्यानं आवळली आणि घागर घेऊन आडावर गेला.

रामकृष्ण हरी, रामकृष्ण हरी. तार झंकारत होती, देवापुढची समई संथ जळत होती. नामाच्या शेवटी मागून कुणी तरी 'हरी' ओढतंय असं तिला वाटलं. घुमटात आवाज परततो, हे तिला माहीत होतं. पण घुमट तिच्या आधी कधी म्हणत नसे.

मग मागं आवाज झाला. टक्.

तिनं वळून पाहिलं नाही. देवाकडं पाठ कशी करणार? फरशीवर चाकांची कुरकुर जवळ आली आणि मांड्यांतून कुणी दोरी ओढून घ्यावी तसे तिचे पाय गेले. ती खाली आली ती थेट कापडी बैठकीवर. वीणा छातीशी होती. नाम तुटलं नव्हतं.

हरिबा घागर घेऊन दारातच थांबला. "कुणी आणली जवळ?"

नाम सोडता येईना. तिनं नुसती मान हलवली. खांबाला उपरणं तसंच होतं, गाठ न सुटलेली. हरिबानं गाठ चाचपली, आणि पहारा संपेपर्यंत तो खांबाकडं पाठ करून बसला नाही.

बाबांच्या गळ्यात वीणा गेल्यावर तिनं खुर्चीच्या हातावर हात ठेवला. "उद्या काला हाय, कौशल्याबाई," ती हळूच म्हणाली. "नेते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय तिचे होते. वस्तीपासून देवळापर्यंत ती रिकामी खुर्ची ढकलत चालत आली. बाया हसल्या. "सुंदरे, कुणाची वरात काढलीस गं?" तिनं खुर्ची बायकांच्या पहिल्या रांगेत उघडून लावली आणि स्वतः शेजारी भुईवर बसली.

एक जाडजूड बाई कण्हत पुढं आली. "मोकळीच हाय की. मी बसते."

"न्हाई, काकू. जागा धरलीय."

कीर्तन उभं राहण्याआधी गहिनीनाथबाबा बुक्क्याची ताटली घेऊन रांगेतून निघाले. मोतीबिंदूनं त्यांना धूसर दिसे. अंदाजानंच ते कपाळाकपाळाला बोट टेकवत होते. सुंदरबाईला बुक्का लावला. मग खुर्चीपुढं आले, बोट ताटलीत बुडवलं, जरा वाकले, बसलेल्या ठेंगण्या बाईचं कपाळ जिथं येईल तिथं बोट टेकवलं आणि म्हणाले, "आलात? बरं झालं."

सुंदरबाईनं त्यांच्या बोटाकडं पाहिलं. ते स्वच्छ होतं. बैठकीच्या कापडावर बुक्क्याचा कणही सांडला नव्हता.

बाबांनी पुढच्या बाईसाठी बोट पुन्हा ताटलीत बुडवलं, आणि मागं टाळ सुरू झाले.