सावली जाण्याचा दिवस

श्रीकृष्णपंतांनी काठी उपटायला हात घातला आणि बोटांना शेंदूर लागला.

काठी त्यांचीच होती, शिसवी, पितळी मुठीची. जव्हारच्या कचेरीत कारकुनी लागली तेव्हा हौसेने घेतलेली. आता ती साखरशेत पाड्यावरच्या या अंगणात उभी होती, मूठ मातीत आणि टोक आभाळाकडे. पुढ्यात तांदूळ आणि नारळ. वनमालेने हयातभर अडाणीपणाशी भांडण मांडलं, आणि तिने रोवलेल्या काठीचाच या लोकांनी देव केला होता. करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

वनमाला त्यांची लेक. सतराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती रडत बसली नाही. बापाच्या मागे लागून गणित शिकली, पंचांग पाठ केलं, नक्षत्रं ओळखू लागली. मोळी विकायला येणाऱ्या माघीशी तिचं मेतकूट जमलं आणि माघीच्याच अंगणात तिने बापाची काठी रोवली. वर्षातून दोनदा भर दुपारी सावली नाहीशी होते, बघायला चला, म्हणून तिने दोन वर्षं विनवलं. पंतांना कचेरीतून सवड झाली नाही. तिसऱ्या वर्षी ती तापाने गेली. आता तिच्या आईने, चंपाबाईंनी, हट्टच धरला होता, पोरीच्या हातची तेवढी वस्तू घरी आणा.

"दादा, आज नको काढू," माघी म्हणाली. "आज सावली जायाचा दिस."

अंगणात सात-आठ बायका नाचणीच्या बियाण्याच्या कणग्यांपाशी खोळंबल्या होत्या. सावली गेल्याशिवाय बियाणं बाहेर काढायचं नाही, अशी रीतच पडली होती. पण सूर्य डोक्यावर आला तरी काठीच्या बुडाशी बोटभर सावली उरलीच. देव कोपला, असं कोणीतरी पुटपुटलं. पंतांनी वाकून पाहिलं. म्हशीने अंग घासलं असावं, काठी कलली होती.

"ओळंबा हवा," ते स्वतःशीच म्हणाले.

माघी झोपडीत गेली आणि दोरा बांधलेला एक खडा घेऊन आली.

"ताय ठेवून गेलती. बोलली, काठी वाकली तं माझा बाबा येल, तो सरळ करल."

गुडघे टेकून पंतांनी दोरा धरला, काठी सरळ केली, बुडाशी माती ठोकली. डोळे इतके भरून आले होते की सावली गेलेली त्यांना बायकांच्या गलक्यावरूनच कळली. लेक तिळभरही चुकली नव्हती. त्यांना फार बरं वाटलं.

कणग्या उघडल्या. पंत रिकाम्या हातांनी निघाले.

"काठी नेत नाहीस?" माघीने विचारलं.

"आषाढात पुन्हा सावली जाते. तेव्हा वनूच्या आईला घेऊन येतो."

"आषाढात ढग असतात, दादा. काय दिसायचं नाय."

"माहीत आहे," पंत म्हणाले. "तरी येतो."