डालग्याखालचं पाऊल

मित्रांनो, हे मी सांगणारच नव्हतो. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा गप्प बसलो. कारण गोष्ट माझी एकट्याची नाही. दोन माणसांनी मला बजावलंय, कुणाजवळ बोलायचं नाही म्हणून. पण परवा माझी अजून एक काम्टी तुटली. म्हटलं, असाच एक दिवस चुलीत गेलो तर ही गोष्ट पण धुराबरोबर जाईल. म्हणून सांगतो. तुमच्यापाशी ठेवा.

मी एक जुनं डालगं आहे. शहरातल्या मित्रांना माहीत नसेल, तर सांगतो. बांबूच्या पट्ट्या काढतात, त्यांना काम्ट्या म्हणतात. त्या विणून केलेलं मोठं टोपलं म्हणजे डालगं. अंगणात पालथं घालायचं आणि खाली कोंबड्या, पिल्लं झाकायची. विणीला फटी असतात. आत वारा जातो, आणि आतल्याला बाहेरचं दिसतं.

मला भोरच्या बाजारात एका म्हाताऱ्या बुरडानं विणलं. रखमाजी म्हणून हिर्डोशीचा शेतकरी होता, त्यानं सांगितलं होतं, "बसलेला माणूस झाकंल एवढं मोठं कर." तेव्हा त्याच्याकडं वीस-बावीस कोंबड्या होत्या. एसटीत मला चढवताना कंडक्टर म्हणाला, "बाबा, हे डालगं हाय का घर?"

"घरच हाय," रखमाजी म्हणाला. "माझ्या कोंबड्यांचं."

मला लई बरं वाटलं होतं.

मी काम चोख केलं. एकदा मुंगसानं दात लावला, पण मी वीण सोडली नाही. खाली अकरा पिल्लं होती, अकराच्या अकरा सकाळी बाहेर पडली. रखमाजीनं माझ्यावर थाप मारली होती. ती थाप अजून आठवते. पुढं रखमाजी गेला. शेत, कोंबड्या आणि मी, सगळं त्याच्या मुलाकडं आलं. त्याचं नाव बंडू.

आता खरी गोष्ट इथून सुरू होते.

बंडूच्या बायकोचं नाव राजनंदिनी. त्यांना दोन मुलं. मोठी वैष्णवी, तेव्हा पाच वर्षांची. धाकट्याचं कागदावर नाव वरद, पण घरात सगळे गेनू म्हणायचे. गेनूला वर्ष होऊन महिना झाला होता, तेव्हा नंदिनीला भोरला नर्सिंगच्या कोर्सला जागा मिळाली. सहा महिन्यांचा कोर्स. हिर्डोशीला एसटी दिवसातनं इनमिन दोन, रोज जाऊन येऊन जमायचं नाही. म्हणून ती भोरला आत्याकडं राहायची. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायची आणि सोमवारी सकाळच्या एसटीनं जायची.

जायच्या आदल्या दिवशी ती माझ्याशेजारी बसून भांडी घासत होती. बंडूला म्हणाली, "अवो, एक मागते. गेनूचं पयलं पाऊल मला बघायचंय."

बंडू हसला नाही. कारण त्याला माहीत होतं. वैष्णवी पहिल्यांदा चालली तेव्हा नंदिनी भातलावणीला गेली होती. शेजारच्या ठकुबाईनं, म्हणजे बंडूच्या चुलतीनं, ते बघितलं आणि सगळ्या आळीला हाका मारून दाखवलं. नंदिनी चिखलाच्या पायानं घरी आली तर पोरगी अंगणभर फिरत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. ती पण हसली. मग गोठ्यात गेली. तिथं काय झालं ते मला इथून ऐकू आलं होतं.

"तुला बघायला मिळंल," बंडू म्हणाला. "माझा शब्द हाय."

"पोरगं काय तुमच्या शब्दावर थांबणार हाय?"

"थांबवतो मी."

असला शब्द कुणी देतं का, मित्रांनो? पण बंडू देऊन बसला.

मग ते दिवस सुरू झाले. बाप लोक काय काय करतात ते कुणी लिहून ठेवत नाही, पण मी अंगणातच असायचो, मी बघितलंय. बंडू वैष्णवीच्या दोन वेण्या घालायचा. एक कानाच्या वर, एक कानाच्या खाली. ती आरशात बघून म्हणायची, "पप्पा, परत." तो परत घालायचा, तर वरची खाली आणि खालची वर. शेवटी ती म्हणायची, "ऱ्हाऊ द्या आता, अंगणवाडी सुटायची वेळ झाली." गेनूला तो मऊ भात चमच्यानं भरवायचा आणि दर घासाला स्वतःचंच तोंड उघडायचा. पोरगं घास घेतंय की नाही यापेक्षा बापाच्या तोंडाकडंच बघत बसायचं.

संध्याकाळी नंदिनीचा फोन. आमच्या घरात रेंज नाही. पण अंगणाच्या एका कोपऱ्यात मला पालथं घालून माझ्या डोक्यावर मोबाईल ठेवला की दोन काड्या रेंज येते. त्यामुळं त्यांचं सगळं बोलणं माझ्या डोक्यावर व्हायचं.

"चाललं का वो?"

"न्हाई अजून."

"नक्की?"

"आगं, चाललं तर सांगीन का न्हाई?"

दिवाळी होऊन गेली, नाचणी कापून घरी आली. आता ती अंगणात झोडायची होती. बंडूनं अंगण सारवून घेतलं. पण एका हातात काठी, समोर कणसांचा ढीग, आणि गेनू रांगत रांगत बरोबर काठीखाली येतंय. एकदा काठी अगदी त्याच्या बोटाजवळ पडली. बंडूचा चेहरा पांढरा झाला. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं.

कोंबड्यांना हाकललं, मला चुलीच्या गरम पाण्यानं धुतलं, उन्हात वाळवलं, खाली गोधडी टाकली. गेनूला बसवलं आणि वरून मी.

आयुष्यभर मी पिल्लं झाकली, पण असलं पिल्लू पहिल्यांदाच आलं. ते रडलं नाही. फटीतनं एक बोट बाहेर काढून हलवत बसलं.

ठकुबाई पाणी घेऊन चालली होती. ती थांबली. "बंड्या! पोराला कोंबडी केलंस व्हय रं? अंडी किती घातली?"

"काकी, अजून खुडूक हाय, नुसतंच बसतंय."

ठकुबाई हसून हसून हंडा सांडत गेली.

तो वार बुधवार होता. वैष्णवी अंगणवाडीत. बंडू पाठमोरा, नाचणी झोडतोय. मी अंगणाच्या कडेला, सावलीत. तिथलं सारवण अजून ओलं होतं. गेनूनं आतून माझ्या काम्ट्या धरल्या आणि उभा राहिला. तसा तो काही ना काही धरून रोजच राहायचा. पण त्या दिवशी त्यानं मला ढकललं. मी वीतभर सरकलो. हात माझ्याबरोबर पुढं गेले, पाय मागं राहिले. आता हे पडतंय, असं मला वाटलं. आणि त्यानं एक पाय उचलून पुढं टाकला.

मग दुसरा.

मी परत सरकलो. खर्रर्र आवाज झाला, कोंबड्या ओरडत पळाल्या. बंडूनं मागं वळून बघितलं. डालगं आपलं आपण चाललंय! तो काठी टाकून धावत आला, उकिडवा बसला आणि फटीला डोळा लावला. आतून गेनूनं पण डोळा लावला.

बंडू एवढा हसला, एवढा हसला. आणि हसता हसता एकदम थांबला. त्याला शब्द आठवला. तो उठला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

"म्या काय बघितलं न्हाई," असं मोठ्यानं म्हणाला.

पाठ फिरवली खरी, पण मान काय फिरली नाही. ती आमच्याकडंच होती. गेनू अजून चार पावलं चालला. मग बंडूनं माझ्याकडं बोट केलं. "तू बी बघितलं न्हाईस. नंदाला कळता कामा न्हाई."

त्या संध्याकाळी फोन आला.

"चाललं का वो?"

"न्हाई."

"उभं ऱ्हातंय का?"

"व्हय, धरून."

"काय धरून?"

बंडूनं माझ्याकडं बघितलं. "हेच आपलं... काय बी."

"तुमचा आवाज का असा येतुय?"

"नाचणीचा भुसा गेला नाकात."

गुरुवारी, शुक्रवारी गेनू माझ्याखाली अंगणभर चालला. तुळशीला वळसा घातला. ठकुबाई दिसली की बंडू माझ्यावर पोतं टाकायचा, तिला पाय दिसू नयेत म्हणून. "पोराला ऊन लागतंय," म्हणायचा. डिसेंबरातलं ऊन!

शनिवारी नंदिनी आली. आणि मित्रांनो, रविवारी गेनू चालेचना.

नंदिनी अंगणात हात पसरून बसली. "ये बाळा, ये." गेनू रांगत आला. गुळाचा खडा दाखवला, रांगत आला. बंडूनं त्याला उभं केलं, हात सोडला, तर ते धपकन बसलं. वैष्णवीनं त्याच्यासमोर दहा वेळा चालून दाखवलं. त्याला ती गंमत वाटली, तो टाळ्या वाजवायला लागला.

"असू दे गं," ठकुबाई म्हणाली. "काही पोरं उशिरा चालत्यात. वेळ हाय."

"पोराला हाय काकी," नंदिनी म्हणाली. "मला उद्या सकाळची एसटी हाय."

बंडू पाय धुवायच्या निमित्तानं माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "म्याच बिघडवलं. धरायची सवय लावली. आता ती गेल्यावर मोकळं चालंल, आणि ते बी ठकूकाकीच बघंल." असा चेहरा मी बंडूचा रखमाजी गेला तेव्हाच बघितला होता.

सोमवार उजाडला. थंडी होती. नंदिनीनं पिशवी खांद्याला लावली, वैष्णवीची वेणी घातली, दोन्ही बरोबर एका उंचीवर. चूल पेटलेली होती, म्हणून बंडूनं गेनूला माझ्याखाली ठेवलं. खालच्या वळणावर एसटीचा आवाज आला. नंदिनी निघाली. चार पावलं गेली आणि गेनू आत उभा राहिला. "आ..." असं म्हणाला आणि मला ढकलायला लागला. मी तिच्या मागं सरकायला लागलो.

नंदिनी वळली. पिशवी खाली टाकली आणि तिथंच गुडघ्यावर बसली.

बंडू माझ्याजवळ आला. एका हातानं त्यानं माझं डोकं धरलं. आणि हळूच, अगदी पिल्लावरनं काढतात तसं, त्यानं मला वर उचललं.

गेनूचे दोन्ही हात तसेच हवेत राहिले, जसं काही मी अजून आहेच. त्याला कळलंच नाही. एक पाऊल. दुसरं. तिसरं. चौथ्याला त्यानं हाताकडं बघितलं, तिथं काहीच नव्हतं. तो घाबरला आणि पाचवं पाऊल पळतच टाकलं, थेट आईच्या अंगावर.

"चाललं!" नंदिनी ओरडली. "अवो, चाललं! पयल्यांदाच चाललं!"

बंडू मला हातात धरून तसाच उभा होता. खाली ठेवायचं विसरून गेला होता.

एसटी गेली. कुणी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. नंदिनी मग दुधाच्या टेम्पोनं भोरला गेली.

आता मधली एक गोष्ट राहिली. ती मुद्दाम ठेवली होती.

रविवारी पहाटे सगळ्यांच्या आधी नंदिनी उठली होती, अंगण सारवायला. उजाडलं तसं तिला दिसलं. बुधवारच्या ओल्या सारवणावर माझ्या काठाची रेघ उमटून वाळली होती. आणि रेघेच्या आत बारकी बारकी पावलं. पाच पाच बोटांची.

ती खाली बसली. एका पावलावर तिनं आपली चार बोटं ठेवली. मग तिनं ओट्याकडं बघितलं. बंडू झोपला होता, एका कुशीत गेनू, दुसऱ्या कुशीत वैष्णवी, तिच्या वेड्यावाकड्या वेण्यांसकट. नंदिनी उठली, शेण कालवलं आणि सगळं अंगण सारवून टाकलं. एक पाऊल ठेवलं नाही. मग ओल्या हातानंच माझ्यावर थाप मारली. "मला कळलंय, हे त्यांना सांगू नगंस."

म्हणजे बघा. तो दिवसभर लपवत होता, आणि ती दिवसभर हात पसरून बसली होती.

आता गेनू चार वर्षांचा आहे. चालतो कसला, पळतोच. नंदिनी जवळच्या दवाखान्यात कामाला आहे, रोज घरी येते. कोंबड्यांना जाळीचं खुराडं केलंय. मी भिंतीच्या खुंटीला असतो. माझ्यात मुंग्या झाल्यात, काठ सुटलाय. मागं एकदा नंदिनीचा भाऊ मार्गासनीहून आला होता, तो म्हणाला, "दाजी, हे कशाला ठेवलंय? चुलीत घाला की."

"असू दे," बंडू म्हणाला.

"असू दे," घरातनं नंदिनी म्हणाली. दोघं एकाच दमात.

दुसऱ्या दिवशी बंडूनं माझा काठ तारेनं बांधला. वेण्यांसारखाच बांधलाय, एकीकडं वर, एकीकडं खाली. पण बांधलाय.

मित्रांनो, तुमच्या घरात पण असेल माझ्यासारखं काहीतरी. मोडकं, खुंटीला लटकवलेलं. टाकायच्या आधी आईला विचारा, बापाला विचारा, पण वेगवेगळं विचारा. आणि तुटलं असेल तर बांधा. वाकडं बांधलं तरी चालतं. आणि हो, कधी हिर्डोशीला आलात, तर या दोघांसमोर यातलं अवाक्षर काढू नका.

बंडू, हे मनातच म्हणतो, तू तर माझा जुना मित्र. तू मला मुंग्या झाडून परत खुंटीला लावलंस, म्हणून तुला शब्द देतो. तू जे बघितलं नाहीस, ते नंदिनीला माझ्याकडनं कधी कळणार नाही. आणि तिनं पहाटे काय सारवलं, ते तुला.